शेवटचा अंक यायचा आहे

सारंग वाचनालय,
टपाल नाका, पनवेल
१४ सप्टेंबर २०११

श्री. चारुदत्त अथणीकर, कोल्हापूर
यांस स. न.

मी फोन करणारा माणूस नाही. फोनवर समोरचा 'हो हो, बघतो' म्हणतो आणि ठेवून देतो. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं नाव दाऊद सारंग. शाळा सातवीपर्यंत, त्यापुढचं शिक्षण माझं मी केलं, शब्दकोश पुढ्यात ठेवून. भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी चालवतो. तुमची 'हिमसागर' ही चित्रमालिका पहिल्या अंकापासून माझ्याकडे आहे. एकही अंक हरवलेला नाही. हे तुमचे प्रकाशकसुद्धा छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाहीत.

शेवटचा अंक गेल्या आठवड्यात आला. वाचला. परत वाचला, कारण वाटलं पानं मागेपुढे लागली असतील. लागली नव्हती.

अथणीकर, तुमची रूना 'करडी घोडी' या जहाजाची सुकाणूवाली. पहिल्याच अंकात त्या तीन विणकर म्हाताऱ्या तिला सांगतात, बाई, तुझं मरण आम्ही विणून ठेवलंय, बर्फाच्या दरवाज्यापाशी, गुडघ्यावर. आणि ती काय म्हणते? 'विणलंय ना? मग उसवून दाखवते.' सहा वर्षं ती हेच म्हणत आली. सूर्य गिळायला निघालेल्या लांडग्याला म्हणाली. समुद्रतळाच्या राणीला म्हणाली. सख्ख्या बापाला म्हणाली. आणि शेवटच्या अंकात त्या दरवाज्यापाशी पोचल्यावर काय करते? 'विणलं ते विणलं' म्हणते, वल्हं बर्फावर ठेवते, गुडघे टेकते आणि बर्फ होऊन जाते. त्यापुढे एक अख्खं पान पांढरं. त्याला तुम्ही हिमवादळ म्हणत असाल. मी त्याला कंटाळा म्हणतो.

बाकीच्या चुका वेगळ्याच. उत्तरेकडच्या जहाजांचं सुकाणू उजव्या बाजूला असतं. हे मी तुमच्याच पहिल्या अंकातून शिकलो आणि नंतर इतर पुस्तकांत ताडून पाहिलं. शेवटच्या अंकात ते डावीकडे आहे. रूनाच्या एका हातातला मोजा दरवाज्यापाशी पोचेपर्यंत गायब होतो. वाटेत कुठे पडला, कोणाला दिला, काही नाही.

माझा प्रश्न एकच. प्रकाशकाने पानं गाळली आहेत का? पुढे आणखी काही आहे का? असेल तर पाठवा. टपालखर्च माझा.

आपला,
दाऊद सारंग

ता.क. हे लिहिणार नव्हतो. माझी धाकटी बहीण झुबेदा, माझ्याच गल्लीत राहते, शिलाईकाम करते. तिच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर दोन वेळा तारीख देऊन थकले. ती म्हणते, 'आधी रूनाचं काय होतं ते बघते, मग टेबलावर जाते.' माझ्या मते ती या पोरीच्या जोरावर उभी आहे. म्हणून तुमचा अंक मी कपाटात कुलूप लावून ठेवला आहे आणि दारातल्या फळ्यावर लिहिलं आहे: 'हिमसागर, शेवटचा अंक: यायचा आहे.' मी आजवर फळ्यावर खोटं लिहिलेलं नव्हतं.

०

कोल्हापूर
२६ सप्टेंबर २०११

श्री. दाऊद सारंग यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. वर्षभरात वाचकाचं आलेलं हे दुसरं. पहिल्यातल्या गृहस्थांना पंचांग हवं होतं, पत्ता चुकला होता.

आधी सुकाणू. त्या चित्रात जहाज आपल्याकडे तोंड करून येतं आहे. समोरून पाहिलं की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. आपल्याकडे अंक कुलपात असल्यामुळे पुन्हा पाहायचं राहून गेलं असेल. हातमोज्याचं मात्र खरं आहे. विसरलो.

आता शेवट. पानं गाळलेली नाहीत, पुढे काही नाही, मालिका संपली. उत्तरेकडच्या कथा मी वीस वर्षं वाचतो आहे. तिथे देवसुद्धा मरतात. विधिलिखित टळत नाही हाच त्यांचा गाभा आहे. आपल्याकडे सगळ्यांना शेवटी साखर हवी असते. माझ्याकडे साखर नाही.

आणि एक सांगतो, राग मानायचा तर माना. प्रकाशकाने मला विक्रीचा तक्ता दाखवला. पनवेल गावात 'हिमसागर'ची एकच प्रत जायची. ती आपली, हे आज कळलं. त्या एका प्रतीवर किती जणांनी हात फिरवला? प्रकाशकाला ते हात दिसत नाहीत, त्याला एक प्रत दिसते. गावोगावच्या आपल्यासारख्या वाचनालयांनी ही मालिका मारली, आणि आता आपणच मला विचारता आहात, मयत कशाने झाली म्हणून.

बहिणीच्या आजाराचं वाचून वाईट वाटलं, हे मनापासून. पण माणसाने आपलं ऑपरेशन एका कॉमिकवर टांगून ठेवू नये. त्यांना तसं सांगा.

आपला,
चारुदत्त अथणीकर

०

पनवेल
८ ऑक्टोबर २०११

श्री. अथणीकर,
स. न.

सुकाणू तुमचं बरोबर, माझं चूक. पान उघडून, जहाजाकडे तोंड करून, मग पाठ करून, दोन्ही प्रकारे पाहिलं. हा विषय मिटला.

वाचनालयाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्याला उत्तर देणं फार अवघड, म्हणून दोन दिवस गेले. आता उत्तर ऐका. माझ्याकडे कोन गावाच्या बाजूच्या वीटभट्टीवर काम करणारी बुधी येते. बाजाराला आली की माझ्या बाकावर टेकते. अक्षरओळख नाही, तुमची चित्रं बघते. समुद्रतळाची राणी आली तो अंक तिने इतका हाताळला की त्या पानाचं कापड झालं. ती विकत घेणार होती का? मी नसतो तर पनवेलात तुमचे वाचक वाढले नसते, अथणीकर. होते तेही नसते. प्रकाशकाला हात दिसत नसतील तर त्याने चष्मा बदलावा. तुम्ही का त्याच्या चष्म्याने बघता?

आता गाभ्याबद्दल. त्या कथा मीही वाचल्या आहेत. तुमच्या तिथल्या देवांना आधीच ठाऊक असतं की शेवटच्या लढाईत आपण मरणार. ठाऊक असून जातात. शस्त्र घेऊन जातात. रूना मेली याचं मला काही नाही. ती गुडघ्यावर मेली याचं आहे. म्हाताऱ्यांनी सांगितलं तस्संच करायचं होतं तर सहा वर्षं आम्हाला समुद्रावर कशाला फिरवलंत?

असो. माझ्या धंद्यातली एक रीत तुम्हाला ठाऊक नसेल. भाड्याच्या पुस्तकाचं सगळ्यात आधी शेवटचं पान जातं. कोणी फाडतं, कोणाच्या पोराच्या हाती लागतं, कोणी त्यात पुडी बांधतं. शेवट नसलेलं पुस्तक गिऱ्हाइकाला देणं मला पटत नाही. म्हणून गेलेली पानं मी आठवून हाताने लिहितो आणि चिकटवतो. माझ्या कपाटात अशी पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि आजवर एकानेही शेवट परत आणून दिलेला नाही.

तुमच्या अंकाची शेवटची पानं माझ्या लेखी फाटलेलीच आहेत. म्हणून मी ती नव्याने केली.

कसं केलं तेही सांगतो, म्हणजे हलगर्जीपणा केला असं वाटायला नको. पिना काढल्या. तुमच्या अंकात शेवटचं पान पहिल्या पानाला जोडलेलं असतं, सरसकट कापलं तर सुरुवात सुटी होते. म्हणून मधे बोटभर पट्टी राखून कापलं आणि नवीन पानं त्या पट्टीवर खळीने बसवली. कागद त्याच जाडीचा, चहाच्या पाण्यात बुडवून त्याच रंगाचा केला. चेहरे बटर पेपर ठेवून तुमच्याच जुन्या अंकांतून उतरवले, त्यामुळे हात तुमचाच आहे म्हणा. रूना दरवाजा फोडते. ऊन आत येतं. लांडगा पळतो. लोक तिला उत्तरेची राणी करतात आणि ती सिंहासनावर बसते.

मोजे दोन्ही हातांत आहेत.

सहा अंकांचा एक खंड बांधतो, त्यात हा अंक घालून परवा झुबेदाला दिला. रात्री दिवा जळत होता. पनवेलमध्ये रूना जिवंत आहे, अथणीकर. कोल्हापुरात तुम्ही काय ते करा.

दाऊद सारंग

०

कोल्हापूर
१७ ऑक्टोबर २०११

श्री. सारंग,

दिवाळी अंकांची चित्रं गळ्याशी आली आहेत. सगळं बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

आपण केलंत ते बेकायदेशीर आहे, हे जाऊ द्या. ते उर्मट आहे. माझ्या नावाखाली, माझ्या मुलीच्या तोंडी आपली वाक्यं? ती पानं ताबडतोब काढा. नाहीतर मला वकिलाकडे जावं लागेल, आणि वकील माझा मेव्हणा आहे, त्याला काही काम नसतं.

शिवाय आपलंच आपल्याला पटतं का ते पाहा. 'मेली तरी चालेल, गुडघ्यावर नको' असं वरच्या परिच्छेदात लिहिता, आणि खालच्या परिच्छेदात तिला सिंहासनावर बसवता. कोणी सांगितलं होतं राणी करायला? ती सुकाणूवाली आहे! राणी झाल्यावर जहाज कोण चालवणार, आपण?

आपण विचारलंत, सहा वर्षं कशाला फिरवलंत. तो अंक काढायला बसलो त्या सकाळी प्रकाशकाचा फोन आला होता. म्हणाले, हा शेवटचा, लवकर द्या, कोणी वाचत नाही. मी टेबलाशी बसलो. आलेली सगळी वाचकपत्रं काढली. एका पिशवीत मावली. ज्या पोरीकडे कोणी बघत नाही ती उभी राहिली काय आणि बसली काय, असं मला वाटलं, आणि तसं मी काढलं. यात समजूत घालण्यासारखं काही नाही. घालू नका.

पानं काढा.

चारुदत्त अथणीकर

ता.क. उन्हात पळणारा लांडगा कुठून उतरवलात? पळणारा लांडगा मी कुठल्याच अंकात काढलेला नाही.

०

पनवेल
२९ ऑक्टोबर २०११

श्री. अथणीकर,

पानं काढणार नाही. मेव्हण्याला पाठवा, बाकावर बसवतो, चहा देतो.

लांडगा माझा मी काढला. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यावरून.

सिंहासनाचा विचार करतो आहे. पण ते आता महत्त्वाचं राहिलेलं नाही. झुबेदाला कळलं.

कसं कळलं ते तिने सांगितलं नाही. खंड घेऊन लायब्ररीत आली, गिऱ्हाइकं होती, सगळ्यांसमोर काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, 'भाई, खरी पानं दे.' मी म्हटलं, कसली? ती म्हणाली, 'तू कधी काही टाकून देत नाहीस. दे.' मी कधी काही टाकून देत नाही हे खरं आहे. दिली.

ती गेली. त्या संध्याकाळपासून तिचं मशीन बंद आहे. बकरी ईद तोंडावर, मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांचे कपडे तिच्याकडे पडलेले आणि मशीन बंद. दार लावलेलं. मी हाक मारली तर आतून आवाज आला, 'जिवंत आहे, जा.' डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे, त्यावर हो नाही, ना नाही.

अब्बांच्या वेळीही असंच झालं होतं. अब्बा म्हणाले, लिहिलं असेल ते होईल, आणि दवाखान्यात गेलेच नाहीत. ते गेले. आमच्या घरात माणसं या एका वाक्याने गेली आहेत, अथणीकर. म्हणून तुमची रूना घरात आली तेव्हा मी दार उघडलं होतं. तुमच्या रूनाने शेवटी नेमकं तेच वाक्य म्हणावं? आणि ते आता माझ्या बहिणीने वाचलं आहे.

तिला तुम्ही लिहा. काय लिहायचं ते तुम्ही बघा, शब्द तुमचा धंदा आहे. पत्ता हाच.

ही विनंती नाही. पोरीला गुडघ्यावर तुम्ही आणलंत, उठवायचं काम तुमचं आहे.

दाऊद सारंग

०

पनवेल
९ नोव्हेंबर २०११

अथणीकर भाऊ,
अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

मी झुबेदा. भाईने तुम्हाला माझ्याबद्दल बरंच काही लिहिलंय असं दिसतं. तुमची पत्रं त्याने आणून दिली, त्याच्या पत्रांच्या नकलाही. हो, तो नकला ठेवतो.

ईदची शिलाई होईपर्यंत पत्राला वेळ नव्हता. मशीन बंद होतं ते मी रडत होते म्हणून नव्हे. पट्टा तुटला होता. भाईला दाराबाहेर उभं राहून एवढं विचारता आलं असतं, पण त्याने काय ते स्वतःच ठरवलं. तो नेहमी स्वतःच ठरवतो.

मला कसं कळलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. लायब्ररीचे सगळे खंड मी शिवते. दोऱ्याला मेण लावते, दाभणाने भोकं पाडते आणि गाठ आत घेते, म्हणजे पान उलटताना बोटाला लागत नाही. त्या शेवटच्या खंडातले आधीचे अंक मी शिवून ठेवले होते, एकाची जागा सोडून. भाईने मला तो 'बाजारातल्या बाइंडरकडून बांधून आणला' म्हणून दिला. उघडला तर माझेही टाके उसवलेले. दोरा कोरडा. गाठ बाहेर, शेंगदाण्याएवढी. पनवेलात एवढी बेकार गाठ मारणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या आईच्या पोटी जन्मलाय.

मग पानं बघितली. रूना हसतेय, ते हसू तिसऱ्या अंकातलं, मोठा मासा सापडला तेव्हाचं. जग वाचवल्यावर कोणी मासा सापडल्यासारखं हसतं का? आणि सिंहासनावर ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलीय, पाय पसरून. भाई काउंटरवर बसतो तशी. मी एवढी हसले की धाप लागली, गोळी घ्यावी लागली.

मग तुमची खरी पानं वाचली आणि हसू गेलं.

भाऊ, तुम्ही दोघांनी एकच चूक केलीत. तुम्ही तिला गुडघ्यावर बसवलंत, याने सिंहासनावर बसवलं. बसवायची घाई दोघांनाही! ती मुलगी आख्ख्या मालिकेत कधी बसलेली नाही. जेवतेसुद्धा सुकाणूला टेकून. तुम्ही थकलात, भाई घाबरला, त्यात तिचा काय गुन्हा?

आता ऑपरेशनचं. भाईला वाटतं मी रूनाच्या जोरावर उभी आहे, आणि ती पडली तर मीही अब्बांसारखी म्हणेन, लिहिलं ते लिहिलं. एवढं कच्चं समजला मला. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. छाती उघडणार म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही? पण भीती वाटते म्हटलं की बायका येऊन बसतात, डोक्यावरून हात फिरवतात, नुकसानच होतं शिलाईचं. 'कॉमिकचा शेवट बघून जाईन' म्हटलं की लोक वेडी म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. म्हणून मी ते पुढे केलं. भाईने ते खरं मानलं, कुलपं लावली, फळ्यावर खोटं लिहिलं, चहाच्या पाण्यात कागद बुडवले. त्याच्यावर रागवायला गेले आणि जमलं नाही.

तर मी जाते आहे. एकवीस तारखेला, मुंबईच्या हॉस्पिटलात. तुमच्या शेवटामुळे नाही, त्याच्या शेवटामुळेही नाही. दोन्ही मी उसवून काढलेत. त्या जागी कोरी पानं शिवलीत, गाठ आतून, आणि खंड माझ्या पेटीत ठेवलाय. चावी माझ्या गळ्यात.

परत आल्यावर मला तुमच्याकडून उत्तर हवंय, ती दरवाज्यापाशी काय करते. तोपर्यंत तिला तिथेच ठेवा, उभी. माझ्या पाठीमागे काही काढायचं नाही. भाईनेही नाही.

तुमची बहीणच समजा,
झुबेदा

०

कोल्हापूर
१५ नोव्हेंबर २०११

झुबेदाताई,
सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं. मग माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'जेवतेसुद्धा सुकाणूला टेकून' हे तुम्हाला माहीत होतं का? मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी काढत आलो आणि मला माहीत नव्हतं. अंक काढून पाहिले. प्रत्येक वेळी ती टेकूनच जेवते आहे.

तुम्ही सांगितलं तसंच करतो. पुढचं काही काढत नाही. सोबत एक चित्र आहे, एवढीच मोकळीक घेतली. तीच जागा, तोच दरवाजा. वल्हं बर्फावरून उचलून तिच्या हातात परत दिलं आहे. मोजेही. चेहरा दरवाज्याकडे आहे, त्यामुळे हसते की रडते ते दिसत नाही. ते मलाही अजून माहीत नाही, खोटं कशाला सांगू?

तुम्ही या. मग बोलू.

तुमचा,
चारुदत्त

भाईंना सांगा, मेव्हण्याला घरी पाठवलं. आणि पळणाऱ्या लांडग्याचं ते चित्र मला हवं आहे. कुत्र्यावरून काढलेला लांडगा भित्रा दिसतो. मला हवा आहे तो तसाच.

०

सारंग वाचनालय,
टपाल नाका, पनवेल
१८ डिसेंबर २०११

श्री. चारुदत्तभाऊ,
स. न.

उशीर झाला. हॉस्पिटलच्या बाकावर पत्र लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला, अक्षर बिघडतं.

ऑपरेशन लांबलं. सांगितलेल्या वेळेपेक्षा बरंच जास्त. बाहेर आम्ही नातेवाईक मंडळी. एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, 'सब ऊपर लिखा है, भाईजान.' भला माणूस होता, धीर द्यायला आला होता. मी म्हटलं, 'लिखा होगा. अंदर दर्जन गई है.' शिंपीण आहे आमची. तो उठून दुसऱ्या बाकावर गेला. तुमचं चित्र माझ्या पिशवीत होतं. पाठमोरी उभी आहे तिच्याकडे बघत बसलो. वल्ह्यावरच्या दोरीचा वेढा सैल काढला आहे तुम्ही, तेवढं सांगायचं राहून जाऊ नये.

झुबेदा घरी आली आहे. नवी झडप चांगली चालते, शांततेत कान दिला तर घड्याळासारखी टिकटिक येते. ती म्हणते, आता भिंतीवरचं घड्याळ विकून टाक. हॉस्पिटलात जखमेचे टाके काढायला परिचारिका आली तेव्हा मी तिथेच होतो. म्हटलं, दुखलं तर हात धर. झुबेदाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आरशात टाके बघितले, दोरा जाड वापरलाय म्हणाली, अंतर मात्र एकसारखं ठेवलंय, आणि त्या पोरीला विचारलं, 'कात्री देतेस? उसवून दाखवते.' परिचारिकेने दिली नाही. बरं केलं. पण वॉर्डातल्या बायका संध्याकाळपर्यंत हसत होत्या आणि विचारत होत्या, हे कोण म्हणतं, कुठे वाचायला मिळेल. दोघी खारघरच्या निघाल्या. नावं लिहून घेतली आहेत.

घरी आल्यावर तिने आधी पेटी उघडली. तुमचं चित्र खंडात शिवलं, बसून बसून, थोडं आज, थोडं उद्या. मला शिवू दिलं नाही. चित्रापुढची पानं कोरीच आहेत. खंड काउंटरवर ठेवला आहे, कुलपाशिवाय. लोक नेतात आणि परत आणतात, तक्रार घेऊन आणतात. परवा बुधी आली होती. तिने ते चित्र बघितलं, पुढची कोरी पानं एकेक करून उलटली आणि म्हणाली, 'अजून हाय ना?' मी हो म्हटलं. 'मग बस्ली का नाय ते मना सांगशील,' म्हणाली. मी म्हटलं, 'ती बसत नसते.'

सिंहासनाबाबत मी माझं मत बदललं आहे. उन्हाबाबत बदललेलं नाही. ऊन आत यायला हवं. कसं येतं ते तुम्ही ठरवा, पण दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हे आधीच्या अंकात दाखवलेलं आहे, तेवढं बघून घ्या. मी बघणार आहे.

प्रकाशक नाही म्हणाला तर म्हणू दे. पानं इकडे पाठवा. कागद आहे, खळ आहे, दर्जन आहे. एक प्रत निघेल, पण तिच्यावरून किती हात फिरतात ते तुम्हाला बाकावर बसवून दाखवतो. लांडगा सोबत पाठवला आहे. कुत्र्याला माहीत नाही.

आणखी एक. झुबेदा बरी झाली, खोटं संपलं, म्हणून काल सकाळी मी दारातला फळा पुसायला घेतला. ओलं फडकं हातात होतं. 'हिमसागर, शेवटचा अंक: यायचा आहे.' वाचलं, परत वाचलं. त्यात आता काही चूक सापडली नाही. फडकं पिळून वाळत टाकलं आणि दुकान उघडलं.

आपला,
दाऊद सारंग